ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून पासिंग नाही?

उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते आणि एक प्रश्न हमखास कानावर येतो: “हेडला पासिंग आहे ना? मग ट्रॉलीला कशाला? तिला काय इंजिन आहे?” हेड म्हणजे ट्रॅक्टर, पासिंग म्हणजे आरटीओची नोंदणी. पारावरच्या गप्पांत हा प्रश्न ऐकू येतो, कारखान्याच्या गेटवर ऐकू येतो. वाईट याचे वाटते, की ट्रॉली विकणाराही गिऱ्हाइकाला छातीठोकपणे हेच सांगतो.

इंजिन नाही म्हणजे वाहन नाही, हा तर्क बिनतोड वाटतो. कायद्यापुढे तो टिकत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. यांत्रिक शक्तीवर रस्त्याने चालणारे वाहन एवढ्यावर ती थांबत नाही. बॉडी न चढवलेली चॅसी आणि ट्रेलर यांचा तीत नाव घेऊन समावेश केला आहे. ट्रेलर म्हणजे काय, हे कलम २(४६) सांगते: सेमी-ट्रेलर आणि साइडकार सोडून, मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी असलेले कोणतेही वाहन. म्हणजे ट्रॉली स्वतःच मोटार वाहन आहे आणि तिची नोंदणी वेगळी करावी लागते. बैलगाडीला बैल जुंपलेले असतील तर आरटीओचा काही संबंध नाही. तीच गाडी ट्रॅक्टरमागे अडकवून रस्त्यावर आणली, की ती ट्रेलरच्या व्याख्येत येते.

हेडचा नंबर पुरेसा का नाही, हे समजायला कायद्याचे पुस्तकही लागत नाही. एक ट्रॅक्टर दिवसभरात चार ट्रॉल्या ओढतो, एक ट्रॉली आज याच्या, उद्या त्याच्या ट्रॅक्टरमागे असते. पंक्चर झालेली भरली ट्रॉली रस्त्याकडेला सोडून हेड निघून गेले आणि रात्री एखादा दुचाकीस्वार तिच्यावर आदळला, तर मालक कोणाला समजायचे?

मग दुसरा बचाव येतो: “शेतीचं वाहन आहे, शेतकऱ्याला सवलत असते.” सवलत असते, पण कशाची? शेतीचा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर यांना केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन गटात धरले आहे. पण या गटातल्या वाहनालाही नोंदणी लागतेच. कर, शुल्क, परवाना आणि नोंदणी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची माफी दुसरीला लागू होत नाही. शिवाय २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नटवर पारिख प्रकरणात ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी मालवाहू वाहनाच्या व्याख्येत बसते आणि तिला परवाना लागतो, असे म्हटले. भाड्याने वाळू-विटा वाहणाऱ्यांनी शेतीच्या सवलतीचे नाव घेऊच नये.

“आम्ही रस्त्यावर नेतच नाही” हा तिसरा. कलम ३९ नोंदणीशिवाय वाहन चालवायला मनाई करते ती सार्वजनिक ठिकाणी ‘किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’. मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळले आहे ते कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेले वाहन. सूट वाहनाच्या बनावटीला आहे, मालकाच्या इराद्याला नाही.

नोंदणी नसेल तर कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. खरा फटका विम्याचा. नोंदणीची मुदत संपलेले वाहन रस्त्यावर आणणे हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात सांगितले आणि भरपाई नाकारणे योग्य ठरवले. दंड भरून सुटता येते, बुडालेला दावा परत मिळत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘ई-स्कूटरला पासिंग लागत नाही.’ मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेचे प्रमाणपत्र असेल तरच. दुकानदाराने वेगमर्यादा ‘उघडून’ दिली, की सूट संपली.

‘इलेक्ट्रिक गाड्यांना नोंदणी माफ आहे.’ २०२१ मध्ये माफ झाले ते नोंदणीचे शुल्क. हिरवी नंबरप्लेट हाच नोंदणीचा पुरावा.

‘ई-रिक्षा मोकळी आहे.’ २०१५ च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली. तिला नोंदणी लागते.

‘जेसीबी हे यंत्र आहे, वाहन नव्हे.’ रस्त्यावर येणारी बांधकाम यंत्रे बिगर-परिवहन वाहने आहेत, नोंदणीसकट.

‘लष्कराच्या गाड्यांची नोंदणीच नसते.’ असते. कलम ६० प्रमाणे ती वेगळे प्राधिकरण करते, आरटीओ नाही.

वर सांगितलेले अपवाद सोडले, तर नोंदणी खरोखर लागत नाही ती सायकल, हातगाडी, बैल जुंपलेली गाडी, रुळांवरची वाहने आणि चारपेक्षा कमी चाकांच्या २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या वाहनांना. यादी एवढी छोटी आहे.

म्हणून ट्रॉली घेताना भावाची घासाघीस जरूर करा, पण पैसे मोजण्याआधी विक्रेत्याकडे नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ चे रस्त्यायोग्यतेचे प्रमाणपत्र मागा. नोंदणीचा अर्ज यांच्याशिवाय पुढे सरकत नाही. विक्रेता ती देत नसेल, तर दुसरे वर्कशॉप बघा.