डोमेन घेताना 'डॉट'नंतरचेही पाहा

संकेतस्थळाचे नाव आज घेऊन उद्या नफ्याने विकण्याच्या व्यवहारात नावाइतकेच महत्त्व 'डॉट'नंतरच्या अक्षरांना, म्हणजे एक्स्टेन्शनला असते. १९८५ पासून वापरात असलेल्या 'डॉट कॉम'ला सर्वत्र मागणी आहे. २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव ३ कोटी डॉलरना विकले गेले. मात्र त्यातील छोटी, सोपी नावे केव्हाच संपली. २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले 'डॉट इन' स्वस्त पडते, परंतु त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः भारतातलेच.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तेजीत आलेले 'डॉट एआय' मुळात अँग्विला या कॅरिबियन बेटाचे आहे. देशाच्या एक्स्टेन्शनचे भवितव्य त्या देशाशी बांधलेले असते. युगोस्लाव्हिया इतिहासजमा झाल्यावर २०१० मध्ये 'डॉट वाययू'ही बंद झाले.

काही नवी एक्स्टेन्शन्स पहिल्या वर्षी नाममात्र दरात मिळतात. नूतनीकरणाचे शुल्क मात्र कित्येक पट असते आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते भरावेच लागते. प्रसिद्ध कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळणारे नाव विक्रीच्या हेतूने घेतल्यास ते भरपाईविना गमवावे लागू शकते. त्यामुळे खरेदीपूर्वी नूतनीकरणाचा दर आणि संभाव्य गिऱ्हाईक, या दोहोंचा हिशेब मांडणेच शहाणपणाचे.