मँगनीजच्या पट्ट्यातल्या संत्र्याला मँगनीज कमी का पडतं?

पांढुर्णा : आपल्या सौंसरचं नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा ते बालाघाटपर्यंत पसरलेल्या पुरातन खडकांना 'सौंसर समूह' म्हणतात, आणि मँगनीजचे मोठे साठे याच खडकांत आहेत. रामटेकजवळची मनसर, तुमसरकडची डोंगरी बुजुर्ग, बालाघाटची भरवेली या खाणी याच पट्ट्यातल्या. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला अन् सौंसर तहसील इकडे आली. खडक मात्र ना जिल्हा मानतो, ना राज्याची सीमा.

तरीही याच भागात संत्र्याच्या पानांत मँगनीजची कमतरता निघते. असं का? उत्तर अणूच्या रचनेत आहे.

सात इलेक्ट्रॉनचा हिशेब

मँगनीजचा अणुक्रमांक 25. केंद्रात 25 प्रोटॉन, 30 न्यूट्रॉन. बाहेर 25 इलेक्ट्रॉन चार कक्षांत 2, 8, 13, 2 असे. यातले बाहेरचे 2 आणि त्याच्या आतल्या कक्षेतले 5, असे सात इलेक्ट्रॉन व्यवहारात उतरतात. समजा खिशात सात रुपये आहेत; समोरचा पाहून कधी दोन, कधी चार, कधी सातही खर्च होतात.

दोन गेले की मँगनीज सल्फेटसारखं फिकट गुलाबी, पाण्यात विरघळणारं रूप. चार गेले की काळं मँगनीज डायऑक्साइड, टॉर्चच्या सेलमधली भुकटी. हे पाण्यात विरघळत नाही. सातही गेले की विहिरीत टाकतो ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट.

शुद्ध धातू कडक पण ठिसूळ, 1246 अंश सेल्सिअसला वितळणारा. म्हणून तो एकटा फारसा कामाचा नाही. पोलादात घातला की ऑक्सिजन अन् गंधक ओढून घेतो. 12-13 टक्के मँगनीजचं पोलाद तर ठोके बसतील तसं आणखी कठीण होतं. रेल्वेच्या क्रॉसिंगला तेच वापरतात.

मुळाला चालतं ते एकच रूप

मुळं घेतात ते फक्त दोनवालं, विरघळलेलं मँगनीज. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत ते चारवाल्या काळ्या रूपात जातं. माल गोदामात आहे, पण कुलूपबंद! पानात पाणी फोडून ऑक्सिजन सोडण्याचं काम मँगनीजच्या चार अणूंवर चालतं. ते कमी पडलं की झाडाचं अन्न बनणंच मंदावतं.

ओळख अशी : शिरांच्या कडेने हिरवा पट्टा राहतो, मधला भाग फिकट पडतो, पानाचा आकार मात्र तेवढाच. पानं लहान अन् अरुंद झाली तर जस्ताचा संशय घ्यावा. कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरांची हिरवी जाळी दिसली तर लोहाचा.

तिन्ही कमतरता एकाच बागेत असू शकतात. म्हणून दुकानातून मिक्स्चर आणण्याआधी माती अन् पान, दोन्ही तपासून घ्या. जमीनच मँगनीज अडवत असेल तर जमिनीत आणखी टाकून पैसा तिथेच अडकतो. अशा वेळी पानांवर फवारणीच कामी येते.