घुमू न देण्याची कला

शाळेच्या घंटेवर टोला दिला की नाद बराच वेळ घुमत राहतो. तीच घंटा हाताने घट्ट धरली, तर 'ठक्' असा आखूड आवाज येतो. भूवेधी रडारचा अँटेना बनवताना हाच फरक साधावा लागतो.

कंबोडियात जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्यासाठी धातुशोधकाच्या जोडीला असे रडार वापरले गेले आहे. कित्येक सुरुंगांचे कवच प्लास्टिकचे असते. त्यांत धातू नाममात्रच असतो. रडार जमिनीत रेडिओलहरींचा स्पंद सोडते. माती आणि प्लास्टिक यांचे विद्युत गुणधर्म वेगळे असल्यामुळे त्यांच्या सीमेवरून स्पंदाचा काही भाग परत येतो.

आता थोडे गणित करू. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात हवेत ३० सेंमी, तर कोरड्या वाळूत साधारण १५ सेंमी जाते. सुरुंग ५ सेंमी खोल असेल, तर जाऊन-येऊन १० सेंमी होतात. म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रतिध्वनीनंतर सुरुंगाचा प्रतिध्वनी अवघ्या ०.६७ नॅनोसेकंदाने येतो. दोन्ही वेगळे दिसायचे तर स्पंद याहून लांब असून चालत नाही. स्पंद जितका आखूड, तितका त्यातील वारंवारतांचा पट्टा रुंद. येथे तो सुमारे १.५ गिगाहर्ट्झ हवा. हा पट्टा फार वर सरकवताही येत नाही, कारण उच्च वारंवारतेच्या लहरी ओल्या मातीत लवकर शोषल्या जातात.

साध्या दोन दांड्यांच्या अँटेनात विद्युतप्रवाह टोकांवरून परावर्तित होऊन मागेपुढे हेलकावत राहतो. अँटेना घंटेसारखा घुमतो आणि सुरुंगाचा क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जातो. म्हणून टोकाला टोक भिडवलेल्या दोन त्रिकोणी पत्र्यांचा 'बो-टाय' अँटेना वापरतात. त्याचा आकार मुख्यतः कोनाने ठरतो, ठरावीक लांबीने नव्हे. त्यामुळे तो अनेक वारंवारतांना जवळजवळ सारखा प्रतिसाद देतो.

पण पत्रा कुठेतरी संपणारच, आणि तेथे पुन्हा परावर्तन! यावरचा उपाय वू आणि किंग यांनी १९६५ मध्ये दांडीच्या अँटेनासाठी मांडला : टोकाकडे रोध वाढवत न्यावा, म्हणजे प्रवाह वाटेतच विरून जातो. बो-टायलाही हीच युक्ती लागू पडते. मात्र बरीच ऊर्जा उष्णतेत जाते आणि संकेत दुबळा होतो. किती घुमू द्यायचे आणि किती ऊर्जा गमवायची, हा तोल सांभाळणे हेच अभिकल्पकाचे काम.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. घंटेवर एक जोरदार आणि लगेच एक हलका टोला द्या; मग घंटा धरून तसेच करा. दुसरा टोला केव्हा स्पष्ट ऐकू आला, हे मुलांनाच विचारा. सुरुंग शोधणाऱ्याचा जीव त्या दुसऱ्या टोल्यावर अवलंबून असतो.