अलकाची नजर

‘गाभ्रीचा’ ही आमच्या वऱ्हाडातली शिवी. अकोला-अमरावतीकडे ती रागानेही दिली जाते आणि लाडानेही. २००९ साली सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला तेव्हा इकडच्या माणसाला नावाचा अर्थ विचारावा लागला नाही.

कथेत फारसे नवे नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. कोरडवाहू कापूस, दगा देणारा पाऊस, डोक्यावर कर्ज. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्या काळात या विषयावर कविता आणि भाषणांचे तेवढे पीक जोमात होते. चित्रपटही त्याच तासातून चालतो.

मग तो का पाहायचा? सोनाली कुलकर्णींसाठी. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो आणि अलकाला आपल्या नवऱ्याची, किसनाची धास्ती लागते. ती लहानग्या पोराला सतत बापाच्या मागे धाडते, नवऱ्याच्या आवडीचे रांधते. भीती बोलून दाखवायची नाही आणि त्याच्यावरची नजर हटवायची नाही, एवढेच या बाईचे काम. कुलकर्णी ते रडारड न करता करतात. पुण्याची नटी वऱ्हाडी बोलणार म्हणून आम्ही नाक मुरडूनच बसलो होतो. आमची बोली मराठी पडद्याने बहुधा हसण्यापुरतीच वापरली. इथे मात्र हसता हसता घशात आवंढा येतो. गिरीश कुलकर्णींचा किसनाही चांगला उतरला आहे; पण किसनाचे दुःख सारे गाव पाहते. अलकाचे कोण पाहते?

एक गोष्ट मात्र खटकते. अलकाच्या घराला निदान वावर आहे. आमच्या वस्तीतल्या निंदणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांचे काय? पाऊस गेला की पहिली मजुरी त्यांची बुडते. आत्महत्येनंतरच्या सरकारी मदतीची पात्रता शेतजमीन आणि कर्ज पाहून ठरते. सातबारावर नावच नसेल तर कागद पुढे सरकत नाही. केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाने शेतमजुरांच्या आत्महत्या वेगळ्या मोजल्या त्या २०१४ च्या अहवालात, पहिल्यांदा. त्या मजूर बाईच्या झोपडीतही रात्रभर नवऱ्याकडे टक लावून बसलेली एक अलका आहे. तिच्यावर कुणी चित्रपट काढला तर आम्ही पहिल्या खेळाला जाऊ.