सायकलीच्या सीटचा दांडा

मंडळी, पडवीतली जुनी सायकल पुसून बाहेर काढावी आणि भद्रावतीच्या बाजारातून विजासनच्या लेण्यांपर्यंत जाईस्तोवर तिची सीट चार बोटे खाली बसावी, हा अनुभव पुष्कळांना असेल. मग नट आवळा, पुन्हा आवळा! शेवटी फ्रेमची पकड चिरते आणि एका दांड्यापायी सबंध गाडी बाद होते.

या दांड्याला दुकानात सीट पिलर म्हणतात. तो नजरेच्या मापाने घेऊ नका. याची मापे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याने वाढत जातात. किंचित बारीक दांडा नळीत मजेत उतरतो, पण पुढे घसरतो.

आपल्या जुन्या गाड्या विलायती घडणीवर बेतलेल्या. सोनीपतची अ‍ॅटलास १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. दशमान मापे देशात आली ती १९५८ पासून. म्हणून अनेक गाड्यांत दांडा एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा असतो. अनेक म्हटले, सगळ्या नव्हे, २७.२ चेही दांडे असतात.

तेव्हा जुना दांडा काढा. बुडाशी आकडा ठोकलेला दिसला तर काम झाले. नसेल तर गंज पुसून, नळीच्या आत राहणाऱ्या भागावर मोजा. वरचे टोक सीटच्या पकडीसाठी बारीक केलेले असते, ते फसवते. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर उत्तम. तो नसला तर, गुरुजी, हा वर्गातच करण्याजोगा प्रयोग आहे. पातळ कागदाची पट्टी दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, जोडावर टाचणी टोचा, उलगडून दोन भोकांतले अंतर मोजा. जवळजवळ ८० मिलिमीटर भरले, तर बावीस-सप्तमांशाने भागून २५.४ येतात, साडेपंच्याऐंशी भरले तर २७.२. व्यासातला फरक परिघात तिपटीने मोठा होतो, म्हणून तो साध्या फूटपट्टीवरही दिसतो. नक्की माप मात्र व्हर्निअरनेच ठरवा.

दांड्याभोवती पत्र्याची पट्टी निघाली, तर तो दांडा मुळात चुकीचाच होता असे समजा आणि नळीचे आतले माप घ्या. तेही तोंडाशी नको, तिथे नळी आवळून चेपलेली असते. चिरेच्या खाली घ्या.

नवा दांडा हाताने फिरवत आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर जाड, नट न आवळताच डुगडुगला तर बारीक. निदान अडीच इंच आत ठेवा, आणि बसवण्याआधी ग्रीसचा हात फिरवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो नळीतच गंजून बसेल.