ग्राहक सेवेचा फोन कोणाकडे जातो? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बँक, विमा कंपनी किंवा मोबाइल सेवा यांच्या ग्राहक सेवा क्रमांकावर केलेला फोन थेट एखाद्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर वाजत नाही. तो आधी एका संगणकीय व्यवस्थेकडे जातो आणि तो कोणी घ्यायचा हे ती व्यवस्था ठरवते. ‘मराठीसाठी एक दाबा’ असे सांगून ग्राहकाची निवड टिपणाऱ्या भागाला आयव्हीआर म्हणतात, तर फोन रांगेत लावून तो योग्य एजंटच्या, म्हणजे उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हवाली करणाऱ्या भागाला एसीडी, अर्थात स्वयंचलित कॉल वितरक, असे नाव आहे. हे सारे काम ग्राहकाच्या नजरेआड चालत असल्याने त्याविषयी अनेक गैरसमज रूढ झाले आहेत आणि त्यांची झळ ग्राहकाला व एजंटला सारखीच बसते.

गैरसमज : जो आधी फोन करतो, त्याचाच फोन आधी घेतला जातो.

वस्तुस्थिती : हे एका रांगेपुरतेच खरे आहे आणि मोठ्या केंद्रात अशा अनेक रांगा एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक एजंटला कोणत्या भाषा येतात आणि कोणत्या विषयांचे प्रशिक्षण मिळाले आहे, याची नोंद व्यवस्थेत केलेली असते व त्या नोंदीशी जुळणारेच फोन त्याच्याकडे पाठवले जातात. या पद्धतीला कौशल्याधारित वितरण म्हणतात. शिवाय काही विषयांना प्राधान्य दिलेले असते. हरवलेले कार्ड बंद करण्यासाठी आलेला फोन खात्याच्या किरकोळ चौकशीपेक्षा उशिरा येऊनही आधी घेतला जाऊ शकतो आणि त्यात अन्याय नाही, कारण तिथे प्रत्येक मिनिटाला पैसे जाण्याचा धोका असतो.

गैरसमज : कोणता फोन घ्यायचा आणि कोणता टाळायचा, हे एजंट ठरवतो.

वस्तुस्थिती : एजंट उपलब्ध आहे, बोलत आहे, संभाषणानंतरच्या नोंदी करत आहे की सुट्टीवर आहे, हे व्यवस्थेला क्षणोक्षणी ठाऊक असते आणि उपलब्ध असलेल्यांपैकी जो सर्वांत जास्त वेळ मोकळा आहे त्याच्याकडे पुढचा फोन देण्याचा नियम सर्रास वापरला जातो. अनेक केंद्रांत फोन उचलण्याचीही वेळ येत नाही. हेडफोनमध्ये एक बारीक ‘बीप’ होतो, पडद्यावर ग्राहकाची माहिती उमटते आणि संभाषण सुरू झालेले असते. त्यामुळे दहा मिनिटे ताटकळलेला ग्राहक ज्याच्यावर संतापतो, तो एजंट ती दहा मिनिटे बहुधा दुसऱ्याच कोणाची तक्रार ऐकत असतो.

गैरसमज : फोन ठेवून पुन्हा लावला किंवा भलताच पर्याय दाबला, तर लवकर नंबर लागतो.

वस्तुस्थिती : फोन ठेवताच रांगेतील जागा जाते आणि नवा फोन शेवटी उभा राहतो, ‘तुमची जागा राखून आम्हीच फोन करू’ अशी सोय दिली असेल, तरच याला अपवाद असतो. चुकीचा पर्याय निवडल्यास फोन त्या विषयाची माहिती नसलेल्या एजंटकडे जातो, तिथून तो योग्य विभागाकडे वळवावा लागतो आणि बहुतेकदा पुन्हा नव्याने थांबावे लागते.

गैरसमज : कामाच्या हिशेबाने पुरेशी माणसे ठेवली, की रांग लागतच नाही.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे आणि तो गणिताने खोडून काढला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ पासून या प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये प्रतीक्षेचे सूत्र मांडले, जे आजही मनुष्यबळ ठरवताना वापरले जाते. समजा, तासाला १०० फोन येतात आणि प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे एकूण काम ३०० मिनिटांचे, अर्थात ५ एजंटांना तासभर पुरेल इतके आहे. परंतु फोन ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी एकदम झुंडीने येतात तर कधी काही क्षण एकही येत नाही, आणि रिकामे गेलेले क्षण पुढच्या झुंडीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे कोणीही मध्येच फोन ठेवत नाही असे धरल्यास ५ एजंट असताना रांग वाढतच जाते. ६ एजंट असल्यास सरासरी प्रतीक्षा सुमारे १०६ सेकंद, ७ असल्यास सुमारे २९ सेकंद आणि ८ असल्यास सुमारे १० सेकंद होते. सहाऐवजी सात, अशा एका माणसाच्या फरकाने प्रतीक्षा सव्वा मिनिटाहून अधिक घटते, हे यातून दिसते.

गैरसमज : फोन कोणी केला आहे, हे व्यवस्थेला आपोआप कळते.

वस्तुस्थिती : व्यवस्थेला दिसतो तो फक्त क्रमांक. तो नोंदणीकृत असेल तर त्याच्याशी जोडलेली माहिती पडद्यावर येते. पण तोच फोन घरातील दुसरी व्यक्ती वापरत असू शकते आणि क्रमांक बनावटही दाखवता येतो, म्हणूनच ओळख पटवणारे प्रश्न पुन्हा विचारले जातात.

या सर्वांचा निष्कर्ष एकच आहे : रांगेची लांबी एजंटच्या मर्जीवर नव्हे, तर व्यवस्थापनाने आखलेल्या नियमांवर आणि नेमलेल्या माणसांच्या संख्येवर ठरते. म्हणूनच भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ९० सेकंदांच्या आत किमान ९५ टक्के फोनना प्रतिनिधीने उत्तर द्यावे, असा निकष थेट दूरसंचार कंपन्यांवर घातला आहे. ग्राहकाने नोंदणीकृत क्रमांकावरून फोन करावा, भाषा व विषय नीट निवडावा आणि विलंबाची तक्रार लेखी स्वरूपात कंपनीकडे करावी. पलीकडून बोलणाऱ्या माणसावर राग काढू नये, कारण रांग त्याने लावलेली नसते.