मावा : पानावरचा, टपरीवरचा आणि कढईतला

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बोलीत 'मावा' हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो : पिकाच्या पानातला रस शोषणारी इवलीशी कीड, पानटपरीवर घासून मिळणारे सुपारी-तंबाखूचे मिश्रण आणि दूध आटवून केलेला खवा. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कागदोपत्री जिल्हे दोन असले, तरी कृष्णाकाठची शेती आणि तिची बोली पुष्कळ अंशी सामाईकच राहिली. या बोलीत तिन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात, कारण प्रत्येकाचे क्रियापद ठरलेले आहे. पिकावर मावा 'पडतो', टपरीवर तो 'घासतात' किंवा 'मळतात' आणि हलवायाच्या कढईत तो 'आटवतात'. ऐकणाऱ्याला नाम ऐकून नव्हे, तर क्रियापद ऐकून अर्थ उमगतो.

शेतकऱ्याच्या तोंडचा मावा ही एकच कीड नसून सोंडेने रस शोषणाऱ्या मऊ अंगाच्या सूक्ष्म कीटकांचा तो एक मोठा गट आहे. जत, आटपाडी, माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांत रब्बीच्या करडईवर काळा मावा येतो, आणि आभाळ दाटून हवा ढगाळ झाली की तो झपाट्याने वाढतो. या किडीची मादी बहुधा नराशी संयोग न होताच थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे आज पानाच्या कडेला दिसलेले चार ठिपके पाहता पाहता सबंध शेंडा व्यापतात. शोषलेल्या रसातील जादा साखर मावा गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. या चिकट द्रवाला शेतकरी 'चिकटा' म्हणतात, आणि ज्वारीच्या पानांवर तो चकाकू लागला की 'चिकटा पडला' हे वाक्य 'मावा पडला' याच्या जागी येते. येथे किडीऐवजी तिच्या खुणेला नाव मिळाले आहे, आणि शेतात पहिल्यांदा नजरेला पडते ती खूणच असल्यामुळे हे नामकरण अत्यंत नेमके म्हटले पाहिजे.

'मावा' या शब्दाला घराघरांत नेणारी घटना २००२ सालची आहे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातील उसावर पांढऱ्या लोकरीसारखे आवरण असलेला मावा दिसून आला आणि अल्पावधीतच तो पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पसरला. जावा बेटावरील उसावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवली गेलेली आणि भारतात १९५८ साली पश्चिम बंगालमध्ये आढळलेली ही कीड दख्खनच्या ऊसपट्ट्याला मात्र अपरिचित होती. पान उलटे केले की मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना कापूस पेरल्यासारखा पांढरा थर दिसे, बोट लावताच तो मेणचट भुकटीसारखा बोटाला लागे आणि त्याखाली फिकट रंगाची पिल्ले दाटीवाटीने चिकटलेली आढळत. वरच्या पानावरून गळणारा चिकटा खालच्या पानाच्या वरच्या बाजूला साचे, त्यावर काळी बुरशी वाढे आणि पानाला अन्न तयार करणे अवघड होई. त्यामुळे एकाच फडात वर पाहावे तर पांढरे आणि खाली पाहावे तर काळे, असे चित्र असे.

पुरुषभर उंचीच्या दाट उसात शिरून फवारणी करणे जवळजवळ अशक्य होते. त्यातच दुष्काळी तालुक्यांत चारा म्हणून उसाचे वाढे, म्हणजे तोडणीनंतर उरणारे हिरवे शेंडे, दूरवर नेले जातात, आणि कीड लागलेली पाने व वाढे एका गावातून दुसऱ्या गावात नेल्यानेही ती पसरते. मार्ग निघाला तो मुख्यतः मित्रकीटकांच्या साहाय्याने. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक, असे माव्यावर जगणारे दोन भक्षक फडात वाढले आणि ते जपून दुसऱ्या शेतांत सोडण्याची पद्धत रूढ झाली. पुढे ईशान्य भारतातील एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशीही या कामी आणली गेली. शत्रूला अस्सल मराठी नाव होते. मित्रांना मात्र प्रयोगशाळेतील परकी नावेच राहिली, ही या भाषेतील खरी उणीव होय.

टपरीवरचा मावा हा वेगळाच व्यवहार आहे. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना आणि पाण्याचा हबका प्लॅस्टिकच्या तुकड्यात घेऊन तो तळव्याने जोरजोराने घासला जातो आणि पुडी बांधून दिला जातो. विदर्भात जवळपास याच पदार्थाला 'खर्रा' म्हणतात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि पुढील आदेशांत सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा व खर्रा यांचाही समावेश झाला, तरी या शब्दाचे चलन थांबलेले नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तिच्या सततच्या सेवनाने तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणेही कठीण होते. विद्यार्थ्यांच्या व ऊसतोड मजुरांच्या तोंडी हा शब्द इतक्या सहजपणे यावा, ही चिंतेचीच बाब आहे.

खव्याच्या अर्थाने 'मावा' हा शब्द मिठाईच्या व्यापाराबरोबर हिंदीच्या वळणाने आलेला असून साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा विषय निघाला की घरोघरी अजूनही 'खवा' हाच शब्द ऐकू येतो.

पुन्हा किडींकडे वळले, तर या पट्ट्यातील इतर किडींची नावे थेट माणसांवर आणि संस्थांवर जाऊन बसली आहेत. जमिनीत राहून उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीचे नाव पोखरल्या जाणाऱ्या कारभाराला सहज लागू होते, वाळवीचेही तसेच. अंगाला चिकटून न सुटणाऱ्याला गोचीड म्हणतात, जरी आठ पायांची गोचीड शास्त्राच्या दृष्टीने कीटक नव्हे.

सातारा जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात १९३२ पासून उसाचा अभ्यास चालू आहे आणि मराठी विश्वकोशाचे काम याच जिल्ह्यातील वाईत उभे राहिले. शेतीचे शास्त्र आणि कोशाची परंपरा एकाच जिल्ह्यात असताना चिकटा, वाढे, हुमणी, मावा हे शब्द त्यांच्या क्रियापदांसह, गावागावांतील अर्थभेदांसह नोंदवणारा शेतीबोलीचा कोश येथेच तयार व्हावा. जुने शेतकरी हयात आहेत तोवर त्यांच्याकडून हे शब्द उतरवून घेण्याचे काम दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विनाविलंब हाती घ्यावे.